नगीनावरचा आळ

१

दसऱ्याला लुटलेलं सोनं अजून कोनाड्यात वाळलं नव्हतं, तोच चित्तेखान्यात गौस चित्तेवानाचं प्रेत सापडलं.

महाराज सरकारांना शिकारीचा भारी नाद. काळविटावर सोडायला चित्ते पाळलेले, आणि ते सांभाळायला चित्तेवानांची घरं कोल्हापुरात वसवलेली. चित्तेवान म्हणजे त्या जनावराची आई, बाप आणि मास्तर. तोच लाकडी डावातून त्याला मटण भरवणार, तोच त्याच्या शेजारी खाट टाकून निजणार. उन्हं कलली की चित्त्याला दोरीनं धरून भर पेठेतून फिरवून आणायचं, म्हणजे जनावर माणसाला बुजत नाही. गर्दी अंगावर आली तर त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची. डोळे झाकले की चित्ता गोठ्यातल्या वासरापेक्षाही गरीब होतो. गावातल्या पोरांना तर आता त्याचं नवलही उरलं नव्हतं.

गौसच्या हातात नगीना नावाची मादी होती. तिच्याच कोठीत तो पालथा पडला होता. पाठीवर सदरा फाटलेला, आणि फाटलेल्या जागी कातड्यावर नखांच्या चार-चार ओळी. गणपतराव फौजदार आले, दारातूनच आत डोकावले आणि निकाल देऊन मोकळे झाले. गौसला आदल्या दिवशी चोरीच्या चौकशीसाठी वेशीजवळच्या चौकीवर आणलं होतं, दिवेलागणीला सोडलं होतं. दिवसभर उपाशी राहिलेलं जनावर धन्यावरच उलटलं, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. दुपारी माती झाली. नगीनाला गोळी घालण्याची परवानगी मागणारा कागद संध्याकाळी दरबारात गेला.

सगळं कसं बिनबोभाट पार पडलं असतं. पण गौसची बायको अमीरबी राजवाड्याच्या देवडीवर जाऊन बसली ती उठेचना. शिपायांनी समजावलं, दटावलं, शेवटी एका म्हाताऱ्या कारभाऱ्यानं तिचं म्हणणं काय ते विचारलं.

"माझ्या घरधन्याला नगीनानं मारलं न्हाय," ती म्हणाली. "चौकीनं मारलं. आता मुक्या जनावराच्या माथी मारून गोळी घालाय निघाल्यात. एकाच्या जिवावर दुसऱ्याचा जीव कशाला?"

झालं. गाव दोन तोंडांनी बोलू लागलं. तालमीच्या कट्ट्यावर एक म्हणायचा, गणपतराव आल्यापासून दरवडे थांबले, दार उघडं टाकून निजतोय माणूस. चोराला काय आता पाटावर बसवून विचारायचं? दुसरा म्हणायचा, चौकीत गेलेला माणूस परत यायचा की नाही हे फौजदाराच्या मर्जीवर असेल, तर दरवडेखोर काय वाईट होते? हा वाद पेठेपेठेत गेला आणि शेवटी दरबारालाही ऐकू आला. दरबारानं हुकूम काढला: तवनाप्पा मुन्सफांनी चौकशी करावी, आणि त्यांचा शब्द येईपर्यंत जनावराला हात लावू नये.

तवनाप्पा जैन, गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगानं काटकुळा, बोलायला सावकाश, दिवस बुडायच्या आत जेवणारा. मुंगी चुकवून चालणारा माणूस वाघरू वाचवायला नेमला, म्हणून लोकांनी टवाळी केली. तवनाप्पांनी ती ऐकली आणि सरळ अमीरबीचं घर गाठलं.

अमीरबीनं त्यांना रडून दाखवलं नाही. तिनं उलट विचारलं, "साहेब, डाक्टरनं माझ्या मालकाचं तळवं बघितलं काय?"

२

तळवे कुणीच बघितले नव्हते. चार नखं दिसल्यावर पायांकडं कोण बघतो?

अमीरबीनं बघितले होते. मातीआधी नवऱ्याला आंघोळ घालायची मुभा आमच्यात बायकोला असते, असं तिनं सांगितलं, आणि ती तिनं सोडली नव्हती. पाणी ओतताना हात पायांशी गेला आणि थांबला. तळवे फुटलेले होते, घोटे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. छातीवर एका बाजूला काळंनिळं. पाठीवरच्या नखांमधून मात्र रक्त फारसं वाहिलेलंच नव्हतं.

"असल्या पायांनी त्यो चौकीपासनं चित्तेखान्यापतोर चालत आला म्हंत्यात," ती म्हणाली. "कसा आला आसंल? तुमीच सांगा."

तवनाप्पांनी सदऱ्याची विचारणा केली. तिनं तो घडी करून ठेवला होता. अंगावरून काढला तेव्हा चिंब ओला होता, शुद्धीवर आणायला पाणी ओतलं असावं असं. नंतर तिनं तो नुसत्या गार पाण्यातून काढला. साबण लावायला हात झाला नाही. रक्ताचे डाग फिकट झाले होते. पण फाटलेल्या प्रत्येक ओळीच्या कडेला पिवळं काहीतरी धरून बसलं होतं, आणि ते पाण्यानं गेलं नव्हतं. कसलं औषध असेल, असं तिला वाटलं होतं. तवनाप्पांनी सदरा मागून घेतला, आपल्या उपरण्यात गुंडाळला आणि उठले.

वाटेत सराफांच्या गुजरीत बाबासो शेटजींनी त्यांना हाक मारली. बाबासो तवनाप्पांच्या बायकोचे, त्रिशलाबाईंचे चुलते. चोरी झाली ती यांच्याच दुकानात. नगीनाला बघायला दारात गर्दी झाली, आणि गर्दी पांगल्यावर सोन्याच्या पाटल्या गायब. संशय गौसवर, कारण गर्दी त्याच्यामुळं झाली. शेटजींनी जावयाला थंड ताक दिलं आणि गोडीत चार गोष्टी सांगितल्या. पोलिसानं हातच उचलायचा नाही म्हटलं तर सोन्याचं दुकान उघडायचं कसं? गेला तो गेला. आपल्या माणसानं फौजदाराशी वाकडं घेऊ नये. तवनाप्पांनी ताक निम्मं ठेवलं. सासरच्या माणसाचं ताक ठेवून उठणं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं.

चित्तेखान्यात गौसचा सोबती दिलदार भेटला. मोठा धिप्पाड माणूस, पण मुन्सफांना बघून तो नगीनाच्या खाटेआड सरकला. लोक त्याच्याबद्दलही कुजबुजत होते. नगीनासारखं पहिल्या नंबरचं जनावर आपल्या हाताखाली यावं, असं त्याला फार दिवस वाटत होतं. त्यानंच मुद्दाम तिला गौसवर सोडलं असेल तर?

नगीना खाटेवर पडून होती. समोरच्या डावातलं मटण तसंच वाळलं होतं. गौस गेल्यापासून तिनं तोंड लावलं नव्हतं.

तवनाप्पा तिच्याकडं नव्हे, तिच्यापुढच्या मातीकडं बघत होते. त्यांच्या लहानपणी मळ्यात बिबट्या यायचा. एकदा त्यानं वासरू फाडलं, तेव्हा वडिलांनी त्यांना ओल्या मातीतला माग दाखवला होता: पंजा गोल, बोटं चार, नखाचा पत्ता नाही. मांजराच्या जातीचं जनावर नखं म्यानात ठेवून चालतं. इथं मात्र प्रत्येक बोटापुढं नखाचं टोक उमटलं होतं, कुत्र्याच्या पायाला उमटतं तसं.

"हिचा पाय दाखव," ते म्हणाले.

दिलदारनं नगीनाचा पुढचा पाय उचलून धरला. चारी नखं बाहेरच होती, रोज रस्त्यावर चालून झिजलेली, जुन्या खिळ्यासारखी बोथट. धारदार असं एकच, आतल्या बाजूला वर, आकड्यासारखं. हिनं माणूस फाडला असता तर एक लांब ओरखडा दिसला असता. चार सारख्या ओळी हिला काढताच आल्या नसत्या.

तवनाप्पांनी दिलदारकडं मान वळवली. "आता तू काय लपवतोस, तेवढं सांग."

३

दिलदारनं नगीनाचा पाय हलकेच खाली ठेवला.

चौकीच्या पायरीवर गौसनं स्वतः नगीनाला टोपी चढवली होती, दिलदारनं सांगितलं. दोरी त्याच्या हातात देऊन गौस म्हणाला, बस हितंच, आलोच मी. दिलदार तिला घेऊन पायरीवर बसला. आतून आवाज यायला लागले. गौसचा आवाज ओळखून नगीना उठून उभी राहायची, टोपीतून डोकं आवाजाकडं फिरवायची, पुन्हा बसायची. अंधार पडल्यावर शिपायानं त्याला नि नगीनाला हाकललं. चित्तेखान्यात आल्यावर टोपी काढायला गेला, तर ती गुरगुरली. गौसशिवाय कुणाला ती टोपीला हात लावू देत नसे. चित्तेवानानं जनावर रात्रभर टोपीत ठेवणं ही मोठी चूक. पण दिलदार थकला होता, भ्याला होता. तसाच घरी गेला.

"आनि सकाळी?"

"सकाळी आलो तर गौसभाई पडल्याला. आनि हिच्या डोळ्यांवर टोपी तशीच. गाठबी गौसभाईचीच, डाव्या कानामागं मारल्याली. हिला दिसतच न्हवतं, साहेब. ती वास घेत त्याच्याजवळ येऊन बसलीती."

टोपी घातलेलं जनावर शिकार करत नाही. आणि समजा गौसनं टोपी काढली आणि ती उलटली, तर नंतर मेलेल्या माणसानं उठून पुन्हा गाठ मारली काय? दिलदारला हे तेव्हाच कळलं होतं. पण त्यानं तिला चुचकारत कशीबशी टोपी उतरवली तेवढ्यात फौजदार आले, आणि कानाशी येऊन म्हणाले की जनावर तूच सोडलंस असं ठरवायला मला वेळ लागणार नाही. मग त्यानं टोपीचं कुणालाच सांगितलं नाही.

तवनाप्पा त्याला रागावले नाहीत. राग आला होता, पण तो त्यांनी जपून ठेवला. नगीना सुटली, हे त्यांना कळलं होतं. पण मारलं कुणी, हा प्रश्न तसाच होता. आणि चौकीत बोलणारी भिंत नसते.

दुसऱ्या दिवशी ते गणपतरावांच्या घरी गेले. फौजदारांनी त्यांना सोप्यावर गादीवर बसवलं, पानाचं तबक पुढं केलं. माणूस उमदा. दरवड्याच्या पाठलागात खांद्यावर खाल्लेला वार अजून वागवत होता. तवनाप्पांना तो आवडायचा, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलं नव्हतं.

"मुन्सफसाहेब, तुमी निकाल देता त्यो आमी पकडून आनल्यावर," गणपतराव म्हणाले. "हात जोडून इचारलं तर कुठला चोर कबूल हुतोय? गाव रातचं झोपतंय ते आमच्या छडीच्या जोरावर. ती छडी काढून घ्या, आनि मग बघा कोण झोपतंय ते."

"गौसवर छडी चालली?"

"दोन-चार. शिपाई केरबा हुता ड्युटीवर, त्यानं दिल्या आसतील. मी दिवेलागणीला सोडा म्हणून सांगून घरला आलो."

केरबा अंगणाच्या पार टोकाला, फाटकाबाहेर उन्हात उभा होता. महार जातीचा तरणा गडी. महाराजांच्या नव्या हुकुमानं पोलिसात घेतलेल्यांपैकी. फौजदारांनी हाक मारली तसा तो फाटकापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तवनाप्पांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यानं खाली बघून एकच उत्तर दिलं: साहेब म्हंत्यात तसंच.

फौजदारांच्या मातोश्री आतून बाहेर आल्या. बाईंचं सोवळं गावभर माहीत. जैनाला सोप्यावर बसवलं ते मुन्सफ म्हणून, हे त्यांनी बोलून दाखवलं. बोलता बोलता त्यांनी घरची चालही सांगितली: खंडेनवमीला पुजलेली हत्यारं कोजागिरीपर्यंत देवापुढून हलत नाहीत, आणि तोवर त्यांना त्या स्वतः आणि त्यांचा गणू सोडून कुणी शिवत नाही. अर्धवट उघड्या दारातून देवघर दिसत होतं. तलवारी, पट्टा, कट्यार ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं वाळलेली, झेंडू सुकलेला. कडेला एकच वस्तू घासून-पुसून लखलखीत होती. तवनाप्पांनी तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात बाबासो शेटजींचा माणूस धापा टाकत आला. पाटल्या सापडल्या होत्या. शेटजींचाच मुनीम मिरजेच्या स्टेशनवर त्या घेऊन पकडला गेला होता.

गणपतरावांचा चेहरा क्षणभर उतरला, अगदी पोरासारखा. मग त्यांनी पानाला चुना लावला.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "चित्त्यानं मारला त्यो. पाटल्यांचा काय संबंध?"

४

चौकशी कचेरीच्या उघड्या अंगणात झाली. तवनाप्पांनीच तसं ठरवलं. जे गावभर चघळलं गेलं, ते गावापुढंच फिटावं, असं त्यांना वाटलं. पुरुष आवारभर, बायका भिंतीकडेला. फाटकाशी पडदे सोडलेली बैलांची दमणी उभी होती, आत फौजदारांच्या आईसाहेब. लेकाची अब्रू कोण काढतो ते बघायलाच त्या आल्या होत्या.

आधी नगीनाला आणलं. दिलदारनं तिला ओल्या मातीवरून चालवलं. तवनाप्पांनी लोकांना माग दाखवला, मग पाय उचलून बोथट नखं दाखवली. टोपीची हकिगत दिलदारनं सगळ्यांदेखत सांगितली. अमीरबी समोर बसली होती. तिच्याकडं बघत तो शेवटपर्यंत बोलला. डॉक्टरांना विचारलं की जखमांतून रक्त किती गेलं होतं. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, फार नाही. म्हणजे माणूस मेल्यावर झालेल्या? व्हय, तसंही म्हणता येईल.

मग तवनाप्पांनी उपरण्यातून सदरा काढला आणि अमीरबीला साबणाची वडी दिली. फाटलेल्या कडेच्या पिवळ्या डागावर घास म्हणाले.

तिनं पाण्याचा हात लावून वडी घासली. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

भिंतीकडेच्या बायकांत कुजबुज झाली. धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला ते सांगावं लागत नव्हतं. तानाबाई परटीण सगळ्यांत पुढं होती, तीच बोलली, "अगं बया, हळद हाय की ही."

"हळद," तवनाप्पा म्हणाले. "चित्ता हळद लावून शिकार करत नाही. चार दातांचं काहीतरी हत्यार होतं. सदरा ओला होता, म्हणून हत्यारावरची हळद कापडानं ओढून घेतली. दसऱ्याच्या दिवसांत हळद लागलेलं असं काय असतं? कुणाला सुचतंय?"

लोक एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात गणपतराव उभे राहिले. हुशार माणूस, घर पेटलेलं दिसलं की आधी दुसऱ्याच्या छपरावर उडी टाकणारा.

"मला सुचतंय," ते म्हणाले. "वाघनखं. माझ्या घरातली. आता समदं ध्यानात आलं. मी घरला आल्यावर ह्या केरबानं गौसला मारला. मेला म्हटल्यावर भ्याला, माझ्या घरातनं वाघनखं चोरली, पाठ फाडली आनि मढं चित्तेखान्यात न्हेऊन टाकलं. शिपायाच्या थापेला मी भुललो, एवढाच माझा गुन्हा."

आवार एकदम पेटलं. ह्यांना वर्दी दिली तेव्हाच सांगितलं होतं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि त्याला दहा तोंडांनी साथ मिळाली. इतका वेळ फौजदाराच्या विरुद्ध असलेलेही त्यात होते. जनावरावरचा आळ उठला आणि जाऊन बसला तो त्याच्या खालच्या पायरीवर, असं तवनाप्पांच्या मनात आलं आणि त्यांच्या तोंडाला कडू चव आली. केरबा मान खाली घालून उभा होता.

तवनाप्पांनी गलका शमू दिला. मग हळूच विचारलं, "फौजदारसाहेब, वाघनखं घरात कुठं असतात?"

"देवघरात."

"केरबा तुमच्या देवघरात आला होता?"

५

गणपतरावांनी एकदा दमणीकडं बघितलं.

आला होता म्हणावं, तर महार त्यांच्या देवघरात शिरला, नवमीच्या हत्यारांना शिवला, असं भर गावात कबूल करायचं. भावकी पंगतीला बसणार नाही. लेकीची सोयरीक मोडेल. नाही म्हणावं, तर वाघनखं देवघरातून बाहेर आणणारा हात कुणाचा, हे आपोआप ठरलं. तरी ते हो म्हणाले असते. जीव मोठा. ओठ हललेही होते.

पण दमणीच्या पडद्याआडून खणखणीत आवाज आला. घरावर एवढा मोठा बट्टा लागलेला आईसाहेबांना ऐकवेना.

"आमच्या फाटकाच्या आत त्यो कवाच आल्याला न्हाय. त्याची सावली सोप्यावर पडत न्हाय, आनि देवघरात कुठनं येतोय? नवमीच्या हत्यारांना माझ्या नि गणूच्या बिगर कोण शिवत न्हाय. ज्यानं त्यानं तोंड सांभाळून बोलावं."

आपण काय बोललो ते बाईंना लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा पडद्याआड हुंदका फुटला. गणपतराव खाली बसले. ज्या हातानं दरवडेखोरांच्या मुसक्या आवळल्या, तो हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. एवढंच म्हणाले, "पाटल्या त्याच्याकडंच हायत असं वाटलं हुतं मला. खरंच वाटलं हुतं."

तवनाप्पांना आनंद झाला नाही. शिवाशिवीच्या ज्या चालीचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता, तिनंच त्यांना खुनी हाताशी आणून दिला होता. केरबाचं निर्दोषपण सिद्ध झालं ते त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं म्हणून.

मात्र निर्दोषपण तरी कुठलं? लोक उठायला लागले तसा केरबा पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"साहेब, माझंबी नाव लिवा."

"कशाबद्दल?"

"पाय मी धरलंतं." त्याचा आवाज अगदी कोरडा होता. "साहेब तळव्यावर मारत हुतं, मी घोटं धरून बसलोतो. गौसभाई म्हनत हुता, सोड रं, भाईर माझं जनावर बसलंय. मी सोडलं न्हाय. मग खटाऱ्यातनं न्हेलाबी मीच. पाठीवर वाघनखं साहेबांनी वढली. कंदील माझ्या हातात हुता. वर्दी गेली आसती तर आमच्या आळीतल्या पुढच्या पोराला कुनी घेतला नसता, असं मनात आलं. पर पाय मीच धरलंतं."

अमीरबी शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं. तिनं विचारलं, "शेवटाला पानी मागितलं का त्यानं?"

"व्हय."

"दिलंस?"

केरबानं मान हलवली. नाही.

तवनाप्पांनी त्याचं नाव लिहिलं.

६

गणपतरावांवर खटला झाला आणि ते तुरुंगात गेले. केरबालाही शिक्षा झाली, कमी, पण झाली. गावातला वाद मात्र मिटला नाही. पुढच्या पावसाळ्यात उचगावच्या वाटेवर दरवडा पडला, तेव्हा तालमीच्या कट्ट्यावर लोक म्हणाले, बघा, छडी काढून घेतली की असं होतं. बाबासो शेटजींनी तवनाप्पांच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवला नाही. त्रिशलाबाईंनी त्याबद्दल नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तवनाप्पांना तेच फार वाटलं.

नगीनावरचा आळ सरकारी शिक्क्यानिशी उठला. ती बरेच दिवस काही खात नव्हती. शेवटी अमीरबीच चित्तेखान्यात गेली, गौसचा लाकडी डाव हातात घेतला आणि त्याच्याच हाकेनं तिला हाक मारली. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. संध्याकाळी नगीनानं डाव चाटला. अमीरबी घरी आली आणि नवऱ्याच्या मातीनंतर पहिल्यांदा रडली.

पुढं दिलदार नगीनाला पूर्वीच्याच वाटेनं फिरवू लागला. वेशीजवळची चौकी आली की नगीना थांबायची आणि पायरीवर चढून दाराकडं तोंड करून बसायची. दोरी ओढली तरी हलायची नाही. गर्दी जमायची, पण पूर्वीसारखी हसतखेळत नाही. बायका पोरांना जवळ ओढून उभ्या राहायच्या, पुरुष चौकीच्या आत बघायचे. बराच वेळ आतून कुणी आलं नाही, म्हणजे ती आपली उठून चालू लागायची.

नव्या फौजदारांना ते सोसवेना. त्यांनी मुन्सफांकडं अर्ज केला: जनावराच्या बसण्यानं कामात अडथळा येतो, लोक दारात जमतात, आत कुणाला आणलंय, सोडणार कधी, असं विचारतात, तरी चित्त्याला दुसऱ्या रस्त्यानं फिरवण्याचा हुकूम व्हावा.

तवनाप्पांनी अर्ज दोनदा वाचला. मग खाली लिहिलं की वाट बदलू नये, आणि जनावर पायरीवर बसलं असता चौकीचं दार उघडं ठेवावं. दिवस बुडायला आला होता, म्हणून सही करून ते जेवायला घरी गेले.